तुमची गाडी तयार आहे

माझ्या शेजारच्या दुकानातून महिन्यातून एखादा फोन असा होतो.

"हॅलो, विनोद हायत काय जी? भंडाऱ्यातून शालिक रेडिओवाला बोलून राह्यलो. तुमची गाडी तयार हाय. घेऊन जाजा."

पलीकडचे विनोद पाटबंधारे खात्यात इंजिनिअर असतात. त्यांची गाडी त्यांच्या दाराशी धडधाकट उभी असते. ते विचारतात, कोणती गाडी?

"लाल. मांगचं एक चाक फिरत नव्हतं. तुमीच आनून देली होती. मी आठ दिवसांनी या म्हनलो होतो."

"कधी?"

"तुमी सहावीत होते जी."

मग कोणी हसतं, कोणी राँग नंबर म्हणतं. एका गृहस्थांनी "मी ओटीपी देणार नाही" असं ठणकावून फोन ठेवला. शालिकभाऊ शांतपणे चष्मा काढतात, त्या लाल गाडीच्या गळ्यातली चिठ्ठी उलटी करतात आणि मागच्या बाजूला लिहितात : 'फोन केला. हसले.' गाडी पुन्हा फळीवर जाते.

भंडाऱ्याच्या जुन्या वस्तीत, पितळी भांड्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आमची दुकानं आहेत. माझं फॉल-पिको आणि ब्लाउजचं, त्यांचं 'शालिक रेडिओ'. मध्ये प्लायवूडची एक भिंत, तीही पुरती वरपर्यंत पोचलेली नाही. त्यामुळे गेली बावीस वर्षं त्यांच्या दुकानातलं प्रत्येक वाक्य मी ऐकलेलं आहे, आणि माझ्या मशीनचा प्रत्येक टाका त्यांनी.

माझ्या दुकानात पाटी आहे : 'दोन महिन्यांत कपडे न नेल्यास जबाबदारी नाही.' दोन महिने झाले की मी कपडे देऊन टाकते. ज्या बाईला आपल्या ब्लाउजची आठवण दोन महिन्यांत होत नाही तिला त्याची गरज नाही, असं माझं साधं मत आहे. शालिकभाऊंच्या दुकानात तसली पाटी नाही. म्हणून त्यांच्या फळ्यांवर आज रिमोटवर चालणाऱ्या एकोणसाठ खेळण्यातल्या गाड्या उभ्या आहेत आणि बसायला एक स्टूल सोडून जागा नाही.

या गाड्या तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या. तेव्हा ज्याचे काका आखातात किंवा मामा मुंबईत असत, अशा एखाद्याच पोराकडे ती चीज असायची. चार दिवस सगळी गल्ली तिच्या मागे धावायची आणि पाचव्या दिवशी ती बंद पडायची. मग बाप आणि पोरगा ती घेऊन 'शालिक रेडिओ'त. शालिकभाऊ तेव्हा पंचविशीचे, नुकतं दुकान टाकलेले. रेडिओ उघडता येतो म्हणजे ही गाडीही उघडता येईल, असा लोकांचा हिशेब. ते उघडायचे, आत बघायचे आणि म्हणायचे, आठ दिवसांनी या. आतला तो नखाएवढा काळा तुकडा नागपुरातही मिळत नसे. गिऱ्हाईक दोन-तीन चकरा मारून कंटाळायचं. पोरगं मोठं व्हायचं. गाडी राहायची.

दुसऱ्या कोणी ती मोडकीच परत केली असती. मी तर केलीच असती. एकदा तसं म्हटलं तेव्हा शालिकभाऊ माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी गिऱ्हाइकाचं कापड पळवायचा सल्ला दिला.

"झाली नाही म्हनून वापस कशी देऊ ताई? झाली नाही असं नसते. अज्यून झाली नाही, असं असते."

हे त्यांचं आवडतं वाक्य. नगरपालिकेचा रस्ता, पुतण्याचं लग्न, स्वतःचा मोतीबिंदू, सगळ्याला ते हेच लावतात. त्यांची एकूण भाषाच अशी. अमुक माणूस कामाचा नाही असं ते कधी म्हणत नाहीत. "सिग्नल जाते जी त्याच्यात, पन चाक हलत नाही," म्हणतात. जावयाबद्दल विचारलं तर, "चांगला हाय. एका बटनाचा हाय."

एका बटणाचा म्हणजे काय ते सांगायला हवं. त्या काळच्या स्वस्तातल्या गाड्यांच्या रिमोटला एकच बटण असे. गाडी सुरू केली की आपली सरळ पुढे पळत सुटायची. बटण दाबलं की मागे जाऊन वळायची. सोडलं की पुन्हा नाकासमोर. डावीकडे वळायची सोयच नाही. मी जावईबापूंना तीनदा भेटले आहे. वर्णन बरोबर आहे.

पुढे रेडिओ गेले, कॅसेट गेल्या. शालिकभाऊ पंपाचे स्टार्टर, मिक्सर, पंखे दुरुस्त करून घर चालवू लागले. पण दुपारी दोन ते चार शटर अर्धं खाली ओढून ते जुन्या गाड्या घेऊन बसायचे. भंगारवाल्यांना सांगून ठेवलेलं : मोडकी गाडी दिसली की आधी मला. ती आणि गिऱ्हाइकाची, अशा दोन मोडक्यांतून एक चालती निघायची. टायर वितळले तर सायकलच्या ट्यूबचे कापायचे. अँटिना तुटला तर छत्रीची काडी. आणि प्लॅस्टिकचं दातेरी चाक झिजलं तर गल्लीतल्या कारागिराकडून पितळेचं कापून आणायचं. जगात कुठेही खेळण्यातल्या गाडीच्या पोटात भंडाऱ्याचं पितळ नसेल. इथे एकोणसाठांपैकी बावीस गाड्यांत आहे, आणि ते सांगताना माझी मान ताठ होते, हे मी कबूल करते.

उभी गाडी आखडते म्हणून रोज चार गाड्यांची पाळी. त्यांच्या पायरीवरून माझ्या मशीनच्या पायाशी आणि परत. सुरुवातीला मी हरकत घेतली होती. हरकतीला कारण होतं. एकदा मी एका बाईच्या कोशाच्या रेशमी साडीला फॉल लावत होते. निळी गाडी आली, बटण चुकलं, फॉलचा दोरा चाकात गेला, आणि साडीचा पदर माझ्या डोळ्यांदेखत उंबरा ओलांडून रस्त्यावर, थेट पानठेल्यापर्यंत. मी मागे, साडीची मालकीण माझ्या मागे, शालिकभाऊ तिच्या मागे रिमोट उंच धरून. पानठेल्याशी त्यांनी आधी गाडी उचलली, उलटी केली, चाकं फिरवून पाहिली आणि आम्हा दोघींना धीर दिला, "घाबरू नोका. गाडीले काई झालं नाही."

त्यांची बायको कांताबाई दुपारी डबा घेऊन येते. तिनं या सगळ्याकडे बघण्याचं एक धोरण ठरवून घेतलं आहे. "मंदाबाई, माह्या नवऱ्याले एकोनसाठ लेकरं हायत. पन एकबी म्हातारपनी पानी देनार नाही," असं मला ऐकवते आणि जाता जाता पदराने दोन गाड्या पुसून जाते.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून तीन तरुण आले. पाठीवर बॅगा, हातांत पांढरे हातमोजे. कोणीतरी त्यांना इथलं सांगितलं होतं. फळ्या बघून ते इतके हळू बोलू लागले की मला वाटलं देवळात आलेत. ही अमुक सालची, ही तर आता बघायलाही मिळत नाही, असं एकमेकांना सांगत तासभर फोटो काढले. मग त्यांच्यातला थोरला म्हणाला, "काका, तुमचं व्हिंटेज कलेक्शन जबरदस्त आहे. यातल्या चार आम्हाला द्या. तुम्ही म्हणाल तसं."

शालिकभाऊंनी भिंतीवरून मला विचारलं, "ताई, व्हिंटेज म्हंजे?"

"जुनं. दुर्मीळ."

"जुनं काहून? आता तं तयार झाल्या." मग त्या मुलाकडे वळून, "माह्या नाहीत जी. गिऱ्हाइकाच्या हायत. चिठ्ठ्या पाहा ना."

मुलांनी चिठ्ठ्या वाचल्या. प्रत्येक गाडीच्या गळ्यात पांढऱ्या दोऱ्यात बांधलेली, नाव, गाव आणि आजार लिहिलेली. 'प्रशांत, खात रोड. मागे जाते, पुढे जात नाही.' 'बबलू, तुमसर. पाण्यात पडली.' थोरल्याला एकदम आठवलं की पितळेच्या चाकानं गाडीची मूळ किंमत कमी होते. त्यानं ते सांगितलंही. शालिकभाऊ म्हणाले, "किंमत तुमी पाहा. चाल मी पाह्यतो." आणि ती गाडी माझ्या मशीनपर्यंत सोडली. ती गेली आणि आली. तो मुलगा हात जोडून गेला.

पुढे त्या मुलांनी मोबाइलवर टाकलेल्या व्हिडिओमुळे लोक शालिकभाऊंना संग्राहक म्हणू लागले. त्यांना ते आवडलं नाही. "संग्राहक म्हंजे लोकाचं दाबून ठेवनारा काय जी?" पण मला आवडलं. व्हिडिओच्या एका कोपऱ्यात माझ्या दुकानाची पाटी दिसते, हे त्याचं कारण नाही.

आता हिरव्या जीपचं सांगते.

एकोणसाठांतल्या अठ्ठावन्न गाड्यांच्या मालकांना शालिकभाऊंनी कधी ना कधी शोधून फोन केला होता. त्यांच्याशिवाय आणखी सात जण येऊन गाड्या घेऊनही गेले होते. त्या जागी इतर चिठ्ठ्यांच्या दुरुस्त गाड्या येऊन बसल्या. पण वरच्या फळीवरच्या हिरव्या जीपचा फोन कधी ऐकू आला नाही. रोजच्या पाळीतही ती नसे. गेल्या पावसाळ्यात तिच्यात एका भंगारातल्या गाडीचा तुकडा बसला आणि ती चालू लागली. त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला. तरी फोन नाही. मी विचारलं, "ही कोणाची?"

त्यांनी जीप खाली काढली. चिठ्ठीवर होतं : 'वंदना, सिहोरा. भावाची गाडी. चिखल.'

पाचवीतली मुलगी. आत्याकडे भंडाऱ्याला आली होती. निघण्याआधी गावी भावाची गाडी चोरून बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, चालवली आणि गाळात घातली होती. आत्याला सांगून नाही, एकटीच दुकान शोधत आली. भावाला कळायच्या आत नीट करून द्या म्हणाली. शालिकभाऊंनी आठ दिवस सांगितले. आठ दिवसांनी आली. पंधरा दिवसांनी आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं.

"त्या दिवशी मी तिले बोललो ताई. सगळ्यांदेखत. म्हनलो, येत नाही तं हात कायले लावते मशिनीले? पोरीचं काम हाय काय ते? तशीच गेली. वापस आली नाही."

एवढं बोलून त्यांनी जीपच्या टायरवर नसलेली धूळ पुसली. बाकी अठ्ठावन्न लोकांनी गाडी नेली काय, न नेली काय, त्यांचं काही अडत नव्हतं. ही एक मात्र त्यांना पोचवायची होती. तिच्याच हातात द्यायची होती. आणि तिच्याशी दोन शब्द बोलायचे होते.

"मग सिहोऱ्याला जाऊन विचारायचं ना."

ते तीनदा गेले होते, हे तेव्हा कळलं. साठी गाठलेला एक परका माणूस सिहोऱ्याच्या पानठेल्यावर उभा राहून विचारतो, "इथं वंदना कुठं राह्यते?" कोणती वंदना? आडनाव माहीत नाही. काय काम? गाडी द्यायची आहे. गावानं पहिल्यांदा हसून सोडलं. दुसऱ्यांदा पोलीस पाटलानं नाव-गाव लिहून घेतलं. तिसऱ्यांदा दोन तरुणांनी त्यांना अगदी आदरानं बसमध्ये बसवून दिलं आणि बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले.

मी कपाळाला हात लावला. "शालिकभाऊ, बाईचा पत्ता पानठेल्यावर भेटते काय? मले काहून नाही सांगितलं?"

"तुमाले काय माहीत रायनार सिहोऱ्याचं?"

मला सिहोऱ्याचं काहीच माहीत नाही. पण माझ्याकडे मापांची वही आहे. भंडाऱ्यात दिलेल्या कितीतरी लेकींची मापं तिच्यात आहेत, आणि मशीनसमोर बसलेली बाई माहेराबद्दल बोलल्याशिवाय उठत नाही. सिहोऱ्याच्या तिघी निघाल्या. पहिलीनं बहिणीला फोन लावला, बहिणीनं वर्गमैत्रिणीला. संध्याकाळी मशीनवर झाकण घालायच्या आत पत्ता हातात होता. वंदना लग्नानंतर सुनंदा झाली होती आणि पवनीकडे आसगावला दिली होती. पानठेल्यावर आणखी तीस वर्षं उभे राहिले असते तरी सापडली नसती.

मी चिठ्ठी भिंतीवरून टाकली. मला वाटलं, उद्या निघतील. ते जीप साफ करत बसले. दुसऱ्या दिवशीही. दहा दिवस झाले. अकराव्या दिवशी मी शटर वर ढकलून सांगितलं, "मंगळवारी माझं दुकान बंद आहे. सकाळच्या पवनीच्या बसनं निघायचं. डबा मी आणते."

"अज्यून थोडं—"

"झालंय सगळं. तुमचं व्हायचं आहे फक्त."

बसमध्ये जीपचं खोकं मांडीवर घेऊन ते बसले. ओठ हलत होते. वाटेतलं अड्याळ गेलं, तरी हलतच होते. मी विचारलं नाही. माणूस पाठांतर करत असेल तर मध्ये बोलू नये.

आसगावात घर लगेच सापडलं. अंगणभर धान वाळत घातलेलं, मधून जाण्यापुरती वाट. सुनंदाबाई सूप घेऊन बसल्या होत्या. चाळिशी ओलांडलेल्या, उन्हानं रापलेल्या, माझ्यासारख्याच कामाच्या बाई. कॉलेजात जाणारी मुलगी दारात उभी. मी माझी ओळख दिली, फोनवर बोलणं झालं होतंच. शालिकभाऊंकडे हात केला. त्या निरखून बघायला लागल्या.

"तुमी रेडिओवाले," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

शालिकभाऊंनी खोकं उघडलं. पाठ केलेलं सगळं बहुतेक तिथेच सांडलं, कारण ते म्हणाले ते इतकंच, "चिखल पूर्न काढला जी."

बाईंनी जीप हातात घेतली. उलटी केली. चिठ्ठी वाचली आणि मुलीला दाखवली. "तुह्या मामाची हाय. मी त्याले हरवली म्हनून सांगितलं होतं. त्यानं दुसऱ्या दिवशी पतंग घेतली आन् इसरूनबी गेला."

"बघा, आईनं काय काय केलंय," मुलगी म्हणाली. "आणि आम्हाला म्हणते मशीनला हात लावायची भीती वाटते. घरात मिक्सरसुद्धा मी लावते. मी नसले की पाट्यावर वाटते. मोबाइल बाबांनी लावून द्यायचा."

"मले नाही जमत ते," बाई सहज म्हणाल्या. "लहानपनापासूनच नाही जमत."

मी शालिकभाऊंकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. त्यांचा आवाज आला, बसमध्ये पाठ केलेल्यातला नसावा, फार हळू होता.

"तुमाले येत नव्हतं असं नव्हतं बाई. मले येत नव्हतं. आत काय बिघडलं तेच मले समजत नव्हतं. गिऱ्हाइकासमोर तसं कसं सांगू, म्हनून तुमाले बोललो."

अंगणात कोंबड्या धानावर आल्या होत्या. कोणी हुसकावल्या नाहीत. सुनंदाबाईंनी जीप खाली वाटेवर ठेवली. मग त्यांनी मुलीला कोंबड्या हाकायला सांगितलं, रिमोट उचलला, त्याचा अँटिना एकेक पेर करून पूर्ण बाहेर ओढला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या अंगणात उभ्या राहून त्यांनी शालिकभाऊंना विचारलं, "चालवू काय जी मी?"

"इचारू नोका," शालिकभाऊ म्हणाले. "तुमाले इचारायचं काम नाही."

जीप धानाच्या मधल्या वाटेनं सुटली. गोठ्यापर्यंत नीट गेली. बाईंनी बटण दाबायला उशीर केला, आणि ती गव्हाणीवर जाऊन धडकली. मी दचकले. शालिकभाऊ उठले नाहीत. बाईंनी मागे घेतली, वळवली, पुन्हा सोडली. या वेळी धानात शिरली. मुलगी म्हणाली, "आई, मला दे, मी दाखवते," आणि आई म्हणाली, "थांब वं, माहं चालू हाय."

भंडाऱ्याची थेट बस चारला होती. ती चुकली तर पवनीला जाऊन बदलावं लागतं आणि घरी पोचेपर्यंत आठ वाजतात. मी हे येतानाच दोनदा बजावलं होतं. पावणेचारला मी घड्याळ दाखवलं. त्यांनी मान हलवली.

चार वाजता वळणावर बसचा हॉर्न वाजला. शालिकभाऊ ओसरीच्या कडेला, हात मांडीवर ठेवून, गिऱ्हाइकासारखे बसले होते. मी डब्यातल्या उरलेल्या पोळ्या काढल्या आणि त्यांच्या शेजारी बसले.